हॅमर्सची पहिली निवड

टोलेडोच्या फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाताने फेकून डाव चालवणारा गडी, कोण असावा हे ज्याला कळत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. दाताच्या डॉक्टरला कळतं, फादरना कळतं, शवपेट्या विकणाऱ्या त्या गंभीर चेहऱ्याच्या माणसालाही कळतं. फक्त आमच्या हॅमर्स संघाच्या कचेरीत बसलेल्यांना कळत नाही, आणि पगार मात्र त्यांनाच मिळतो. मागच्या मोसमात सतरा सामन्यांपैकी आम्ही दोन जिंकलो. त्यातला एक समोरच्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता, म्हणजे खरं तर एकच.

पण तळाला जाण्याचाही एक फायदा असतो. दर एप्रिलमध्ये कॉलेजात खेळणारी पोरं मोठ्या संघांमध्ये वाटली जातात, आणि जो संघ सगळ्यांत खाली त्याचा नंबर पहिला. यंदा पहिला नंबर आमचा होता. देशभरातला हवा तो पोरगा उचला, कोणी अडवणार नाही. जानेवारीपासून गावात दुसरा विषय नव्हता, आणि या विषयात माझा शब्द चालतो. मी हे बढाई मारायला सांगत नाही. कुणालाही विचारा.

मी ल्युसिल ब्रोझेक. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि दटावायची सवय आहे. स्टेडियममध्ये नदीच्या बाजूला बाराव्या रांगेत माझी जागा. माझ्या डावीकडे ऑगी डेम्बेक बसतो, तो माझा नवरा होता. घटस्फोटाच्या वेळी घर, गाडी, कुत्रा यांची वाटणी वकिलांनी दुपारच्या जेवणाआधी उरकली, पण मोसमी तिकिटांच्या दोन जागांवर आम्ही दोघं अडून बसलो. शेवटी एक त्याला आणि एक मला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, अहो, पण त्या शेजारी शेजारी आहेत. आम्ही दोघंही म्हणालो, हो, मग? इतक्या वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढ्याच गोष्टीवर.

उजवीकडे थेक्ला पाव्लाक बसते. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, बोलायला कमी. सामन्यात ती ओरडत नाही, नुसती बघते आणि हातमोजे पिळते. चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी गावजेवण असतं, तिथली मासळी तळायची कढई गेली कित्येक वर्षं तिच्या ताब्यात आहे. आणि यंदा ज्याच्या नावाने सगळं गाव वेडं झालं होतं तो क्वार्टरबॅक, एमेट पाव्लाक, तो तिचा नातू.

एमेटची आई नव्या नवऱ्यामागे फ्लोरिडाला गेली तेव्हापासून त्याला थेक्लानेच वाढवला. माझ्याच बसमधून तो शाळेत जायचा. मागच्या बाकावरून पुढच्या पोराच्या टोपीत संत्र्याची सालं टाकायचा, आणि एकही साल बाहेर पडायची नाही. मी आरशातून बघायचे आणि रागवायचं विसरून जायचे. तोच पोरगा आता कॉलेजात असा खेळत होता की देशभरातले जाणकार त्याचं नाव घेत होते. आमच्या गल्लीत वाढलेला पोरगा आमच्याच संघात येणार, तोही आमच्याच पहिल्या निवडीने. देवाने यापेक्षा सरळ हाताने कधी काही दिलं असेल असं मला वाटत नाही.

उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून तळघरात लांब टेबलं लागतात. तळलेली मासळी, पिरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, कोबी आणि बिअर. आणि ज्या वर्षी आमचा संघ नवा क्वार्टरबॅक घेणार असतो, म्हणजे जवळजवळ दरवर्षी, त्या वर्षी भिंतीलगत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मांडल्या जातात. प्रत्येक बरणीवर एका पोराचं नाव चिकटवलेलं. बिअरची बाटली उघडली की तिचं झाकण आपल्या पोराच्या बरणीत टाकायचं, हेच मत. जो जास्त पितो त्याची मतं जास्त, आणि याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. शेवटच्या शुक्रवारी संघाचा मॅनेजर स्वतः येतो, मासळी खातो, भरलेली बरणी हातात धरून वर्तमानपत्रासाठी फोटो काढून घेतो. बरण्या बघूनच संघ निवड करतो अशी गावाची पक्की समजूत आहे. बाहेरचे लोक हसतात. हसू देत.

यंदा बरण्या दोनच होत्या. एक एमेटची आणि दुसरी डाल्टन रीसची. रीस हा टेक्सासचा पोरगा, सहा फूट पाच इंच, चेंडू फेकला की दिसेनासा होतो. त्याची बाजू ऑगीने घेतली. मी एमेटची घेतली म्हणून घेतली असं माझं मत आहे, पण ऑगी ते मान्य करत नाही.

शुक्रवारमागून शुक्रवार आम्ही भांडलो. ऑगी म्हणायचा की रीसचा हात म्हणजे तोफ आहे. मी म्हणायचे की तोफ आहे, पण निशाणा लावायला वर डोकं लागतं. तो म्हणायचा की एमेटची उंची कमी, समोरच्या धिप्पाड माणसांच्या डोक्यावरून त्याला काय दिसणार? मी म्हणायचे की तू एवढा उंच, तुला सव्वीस वर्षं संसारात काय दिसलं? टेबल हसायचं. कोणी एमेटच्या पायांचं कौतुक करायचं, कोणी रीसच्या खांद्याचं, आणि तळघरातल्या कोणाचंही जेवण गरम असताना संपत नसे.

"ल्यू, खरं सांगू का?" ऑगी एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. "तुला एमेट आवडतो कारण तो तुझ्या बसमध्ये ओकला होता. ज्याचं ओकलेलं आपण पुसतो त्याचा लळा लागतो."

"ओकला होता," मी म्हटलं. "पण पुढचा स्टॉप येईपर्यंत दाबून धरलं आणि खिडकीबाहेर ओकला. वेळेचं भान म्हणतात त्याला. तुझ्या रीसला विचार, जमेल का."

त्या शुक्रवारी एमेटची बरणी गळ्यापर्यंत भरली. थेक्ला कढईपाशी उभी होती, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, नम्रपणा.

शेवटच्या जेवणाच्या आदल्या दिवशी तिने मला मासळी साफ करायला बोलावलं. बाकीच्या बायकांना तिने बटाट्यांसाठी बाजारात पिटाळलं होतं. ती पिठात मासळी घोळवत होती, मी लिंबं कापत होते. तिने वर न बघता सांगितलं, "उद्या एमेटसाठी बोलू नकोस."

मी म्हटलं, "का? नजर लागते की काय?"

"त्याला इथे आणू नकोस, ल्यू. हॅमर्सनी त्याला घेऊ नये."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मला वाटलं, म्हातारीला बरं नाही. मी म्हटलं, "अगं, पोरगा घरी येईल. रविवारी सामना संपला की तुझ्या टेबलावर जेवायला. तुझं वय काय, तो आता कुठेतरी हजार मैलांवर गेला तर वर्षातून कितीदा दिसणार तुला?"

"ते मला कळत नाही का?" ती म्हणाली. मग तिने पिठाचे हात फडक्याला पुसले. "कॅलेबची आई आठवते?"

कॅलेब व्हर्नन आमचा मागचा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की समोरचे राक्षस त्याच्या अंगावर धावून येतात. त्यांना अडवायला त्याच्यापुढे पाच दांडग्या माणसांची फळी उभी असते. आमच्याकडे ती नावाला असते. नोव्हेंबरात आमच्याच घरच्या मैदानावर ती फळी पुन्हा फुटली आणि दोन माणसं कॅलेबच्या गुडघ्यावर पडली. त्याला गाडीवर घालून नेलं. तो तेवीस वर्षांचा होता आणि पुन्हा खेळणार नव्हता.

"त्याची आई आपल्यापासून चार रांगा खाली बसली होती," थेक्ला म्हणाली. "तू ऑगीशी बोलत होतीस, पंचाला शिव्या देत होतीस. मी तिच्याकडे बघत होते. ती उभी राहिली आणि उभीच राहिली. खाली जायचा जिना कुठे आहे ते तिला सापडेना. मी जाऊन तिला हाताला धरून नेलं."

ती पुन्हा मासळी घोळवायला लागली.

"त्याच्या आधीचाही असाच गेला. त्याच्याही आधीचा. प्रत्येकाला आपण टाळ्या वाजवून आणला. पुढे फळी तीच. आता एमेट."

"मग तूच सांग ना सगळ्यांना. तू त्याची आजी आहेस."

"मी बोलले तर परवा छापून येईल की आजी घाबरली. तेरवा येईल की पोरगाच घाबरट आहे. सगळे संघ वाचतात ते. त्याचं नुकसान होईल."

"एमेटला माहीत आहे हे?"

"त्याला इथेच यायचंय. सहा वर्षांचा असल्यापासून त्याला हाच शर्ट घालायचाय. म्हणून तर तुला सांगतेय." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काय सांगायचं ते तुझं तू बघ. तुझ्या तोंडाला आजवर कोणी अडवलंय?"

मी चिडले, अगदी मनापासून चिडले. घरी जाताना गाडीत मोठमोठ्याने बोलत होते. माझं वय एकसष्ट, हॅमर्सनी माझ्या हयातीत एकदाही अजिंक्यपद पाहिलेलं नाही, आणि आता कुठे एक पोरगा देवाने धाडला तर म्हातारीने आडवं यावं? मला तो हवा होता. माझ्याच बसमधला पोरगा माझ्यासमोर मैदानात उतरताना मला बघायचा होता, आणि शेजारच्यांना सांगायचं होतं की याला मी ओळखते. पण मी कितीही चिडले तरी फळी काही सुधारत नव्हती. कॅलेबच्या आईला मी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि आता ती डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मॅनेजर हॉलिस टॅरंट आला होता, निळा सूट घालून, कपाळावर घाम. या वर्षी चुकला तर त्याची नोकरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळे त्याला आग्रह करकरून वाढत होते. आधी ऑगी बोलला. रीसबद्दल चांगलं बोलला, मला मानावं लागेल. मग सगळे माझ्याकडे वळले. कोणीतरी टेबलावर काटे वाजवायला सुरुवात केली, कारण आता ल्यू एमेटसाठी बोलणार आणि मजा येणार.

मी स्वयंपाकघरातून एक रिकामी बरणी आणली आणि त्या दोन बरण्यांच्या मध्ये ठेवली.

"हिच्यावर नाव लिहा," मी म्हटलं. "ओरिन हॅगस्ट्रॉम."

कोणी ओळखलं नाही. मागून एकाने विचारलं, कोण हा, कुठला क्वार्टरबॅक? मी सांगितलं की क्वार्टरबॅक नाही, फळीतला आहे. नेब्रास्काच्या शेतावरचा पोरगा, कोठाराच्या दाराएवढा, आणि दोन वर्षांत त्याच्या बाजूने एक माणूस आत शिरलेला नाही. तळघर हसायला लागलं. पहिली निवड फळीतल्या माणसावर? ल्यूला चढली, ऑगी तिला घरी ने. ऑगी म्हणाला की ते काम आता माझं नाही.

"हसून झालं का?" मी विचारलं. "मग मला एक सांगा. कॅलेब व्हर्नन आत्ता कुठे आहे?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"त्याला आपणच बोलावलं होतं. इथेच, याच भिंतीपाशी, त्याची बरणी भरली होती. टॅरंटसाहेबांनी फोटो काढला. आता तो कुठे आहे, चालतो की नाही, इथल्या एकालाही ठाऊक नाही. आपल्याला पुढचा हवाय. घरावर छप्पर नाही आणि आपण दरवर्षी नवीन झुंबर आणून टांगतो. फुटलं की म्हणतो, झुंबरच वाईट होतं. आता मला सांगा, रीस चांगला की एमेट चांगला. मी सांगते. एमेट चांगला, पुष्कळ चांगला. आणि म्हणूनच मी त्याला या फळीमागे उभा करणार नाही. माझ्या बसला ब्रेक नसता तर मी कुणाचंच पोर आत घेतलं नसतं, मग ते किती का लाडकं असेना."

काटे थांबले होते. मी थेक्लाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर सगळ्यांनीच बघितलं असतं. तिच्या कढईतलं तेल तेवढं ऐकू येत होतं.

मग ऑगी उठला. मला वाटलं, आता माझी सालटी काढणार. त्याने हातातली बाटली उघडली, झाकण त्या रिकाम्या बरणीत टाकलं आणि परत जाऊन बसला. त्याच्यामागून दोघं उठले, मग त्यांच्या बायका, मग एक आख्खं टेबल.

नंतर मी त्याला विचारलं, तू कसा काय? तो म्हणाला, "तू खोटं बोलतेस तेव्हा आवाज चढतो तुझा. सव्वीस वर्षं ऐकलाय. आज चढला नव्हता." त्यापुढे त्याने काही विचारलं नाही. या माणसाला मी का सोडलं ते मला क्षणभर आठवेना, पण त्याने लगेच माझ्या ताटातला शेवटचा पिरोगी उचलला आणि आठवलं.

मोजायची गरज नव्हती, एमेटची बरणीच सगळ्यांत भरलेली होती. पण हॅगस्ट्रॉमची अर्ध्याच्या वर गेली होती, तीही एकाच संध्याकाळी. टॅरंटने फोटो एमेटच्या बरणीसोबत काढला आणि जाताना माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "बाई, फळीचं माझ्याही डोक्यात आहे. पण फळीतला माणूस घेतला तर गाव मला जाळेल." मी म्हटलं, साहेब, गाव तुम्हाला दोन्ही बाजूंनी जाळणार आहे, निदान घर शाकारून तरी जळा. तो हसला नाही. त्याने आणखी एक मासळी मागितली.

निवडीच्या संध्याकाळी मी थेक्लाच्या घरी होते. एमेट तिकडे समारंभाला गेला होता, तिला विमानाची भीती म्हणून ती गेली नव्हती. ऑगीही आला, हातात केक घेऊन, कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. टीव्हीवर एमेट दिसत होता, नवा कोट, केस चापून बसवलेले. आमच्या संघाचं नाव घेतलं गेलं तेव्हा तो खुर्चीच्या टोकाला सरकला. थेक्लाने माझं मनगट धरलं होतं, आणि म्हातारीच्या हातात किती ताकद असते ते मला त्या दिवशी कळलं.

माइकपाशी उभ्या माणसाने चिठ्ठी वाचली. टोलेडो हॅमर्सची पहिली निवड, ओरिन हॅगस्ट्रॉम.

गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकच आवाज आला, कण्हल्यासारखा. समोरच्या घराचं दार उघडलं आणि कोणीतरी हॅमर्सचा झेंडा अंगणात फेकून दिला. टीव्हीवर एमेट टाळ्या वाजवत होता, पण त्याचा चेहरा मी ओळखते. बसमधून उतरल्यावर दारात आजी दिसली नाही की त्याचा असाच चेहरा व्हायचा. मला फार वाईट वाटलं. मी तेव्हा थेक्लाकडे बघायचं टाळलं.

थोड्या वेळाने सॅन डिएगोने त्याला घेतलं. त्यांचा म्हातारा क्वार्टरबॅक निवृत्त झाला होता, पण फळी शाबूत होती, दणकट होती. आपल्या पुढच्या दोन वर्षांच्या निवडी दुसऱ्या संघाला देऊन त्यांनी एमेटसाठी वरचा नंबर मिळवला होता. ऑगी म्हणाला की यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती. थेक्लाने क्रूसाची खूण केली, माझं मनगट सोडलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली.

"रविवारी जेवायला नाही येणार गं तो," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ऑगीने केक कापला, कारण त्याला दुसरं काही सुचेना, आणि आम्ही तिघांनी तो खाल्ला.

पुढचे काही महिने मी गावात नाव कमावलं. लोक मला फळीबाई म्हणायला लागले. वाण्याच्या दुकानात रांगेत उभी राहिले की मागून कोणीतरी म्हणे, बाईंना पुढे जाऊ द्या, अडवायला त्यांच्याकडे माणूस आहे. बरण्यांमुळे काही होत नाही असं एरवी म्हणणारेसुद्धा आता म्हणत होते की ल्यूच्या बरणीने घात केला. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. उलट मी म्हणायचे, हो, मीच आणला हॅगस्ट्रॉम, थांबा आणि बघा. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता, कारण मी बरोबर होते.

ऑक्टोबरात सॅन डिएगोचा संघ आमच्याकडे खेळायला आला. आमचा मोसम वाईटच चालला होता, पण पहिल्यासारखा वाईट नव्हता. ज्याच्यासाठी ऑगीने डोकं उठवलं होतं तो रीस दुसऱ्याच कुठल्या संघात धडपडत होता, आमच्याकडे एक साधा, वयस्क क्वार्टरबॅक होता, आणि नवल म्हणजे तो दर आठवड्याला स्वतःच्या पायांनी घरी जात होता. आदल्या दिवशी एमेटला एक तास मिळाला. तेवढ्यात तो आजीला भेटून, तिच्याकडचे पिरोगी खाऊन गेला. सामन्याच्या दिवशी थेक्लाने हॅमर्सचाच कोट घातला होता. मी विचारलं, आज कुणाच्या बाजूने? ती म्हणाली, वेडी आहेस का, हॅमर्सच्या.

आमच्याकडे पद्धत अशी की आपला क्वार्टरबॅक बोलत असला की सगळं स्टेडियम चिडीचूप, आणि समोरच्याच्या हातात चेंडू असला की एवढा गोंगाट करायचा की त्याचा शब्द त्याच्याच माणसांना ऐकू जाऊ नये. त्या दिवशी गोंगाटाची वेळ आली आणि मी तोंडच उघडलं नाही. ऑगीही नुसताच उभा होता. मागच्या रांगेतून लोक ओरडले की फळीबाई, आज जीभ घरी ठेवली का. थेक्ला नेहमीसारखी हातमोजे पिळत होती.

शेवटच्या भागात आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. चेंडू त्यांच्याकडे. एमेटने चेंडू घेतला, मागे सरकला, आणि आमचा एक दांडगा माणूस एका बाजूने कसाबसा सुटून आला. त्याने एमेटला उचलून आपटला. धपकन आवाज आम्हाला बाराव्या रांगेत आला. सत्तर हजार माणसं आनंदाने ओरडत उठली. बाराव्या रांगेत आम्ही तिघं तेवढे गप्प होतो. ऑगीने माझा हात धरला होता आणि मी थेक्लाचा.

एमेट पालथा पडला होता. त्याच्या फळीतले दोघं धावत आले, पण त्यांनी त्याला लगेच हात लावला नाही. मला ते आवडलं नाही. मग त्याने एक गुडघा पोटाशी घेतला. मग दुसरा. मग फळीतल्या एकाने त्याच्या बखोटीला धरून पोत्यासारखा उभा केला. तो दोन पावलं चालला, शिरस्त्राण सरळ केलं, आणि त्या दांडग्या माणसाला काहीतरी बोलला, बहुतेक वाईटच.

"उठला," थेक्ला म्हणाली.

"उठला गं," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. हातमोजे काढून खिशात घातले. मग मी बसमधल्या पोरांकडे बघायचे तशा नजरेने आम्हा दोघांकडे बघितलं.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "अजून एक डाव आहे त्यांचा. त्याचा शब्द त्याच्या माणसांना ऐकू जाता कामा नये."

आणि इतकी वर्षं त्या जागेवर बसून कधी चकार शब्द न काढलेल्या थेक्ला पाव्लाकने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या नातवाच्या नावाने असा काही आवाज काढला की पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या.